बसवली सोळा, दिसते आठ: लॅपटॉपमधील हरवलेल्या रॅमचा शोध

लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम बसवलेली असते आणि पडद्यावर मात्र ८ जीबीच दिसते, किंवा ८ जीबीपैकी जेमतेम ५.९ जीबी वापरता येते. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय रॅमच्या पट्टीवर जातो आणि पट्टी बदलून पाहण्याची घाई होते. हा संशय कधी कधी खराही ठरतो. परंतु स्क्रूड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी नेमकी किती मेमरी कमी पडते आहे आणि ती कोणाच्या मोजणीत कमी पडते आहे, एवढे पाहिले तरी निम्मे निदान बसल्या जागी होते.

मेमरीची मोजणी एकदा होत नाही, ती तीन टप्प्यांत होते. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर मेमरीच्या चिपांखेरीज आणखी एक इवलीशी चिप असते आणि तिच्यात त्या पट्टीची क्षमता, वेग व अंतर्गत रचना यांची नोंद केलेली असते. या नोंदीला एसपीडी म्हणतात. रॅमच्या डीडीआर-३ या पिढीत तिला २५६ बाइट, नंतरच्या डीडीआर-४ मध्ये ५१२ बाइट आणि डीडीआर-५ मध्ये १०२४ बाइट जागा दिलेली आहे. लॅपटॉप सुरू होताच बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, ही नोंद वाचतो आणि तिच्यानुसार प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरची, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागाची, जुळणी करतो. त्यानंतर दुसऱ्या टप्प्यात तो पत्त्यांचा एक नकाशा तयार करतो, ज्यात कोणते पत्ते रॅमचे, कोणते ग्राफिक्स व इतर उपकरणांसाठी राखीव, हे ठरलेले असते. हा नकाशा हाती आल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम तिसरी मोजणी करते आणि स्वतःच्या मर्यादांत बसेल तेवढीच मेमरी ताब्यात घेते.

विंडोजच्या सिस्टीम माहितीच्या पानावर रॅमचे दोन आकडे दिसतात, ते याच साखळीतून आलेले असतात. ‘इन्स्टॉल्ड’ हा आकडा बायोसने लिहून ठेवलेल्या तक्त्यातून घेतलेला असतो आणि ‘युजेबल’ हा आकडा म्हणजे विंडोजच्या हाती प्रत्यक्षात आलेली मेमरी. पहिला आकडा पूर्ण असून दुसराच कमी असेल, तर पट्टी आणि ती बसवायची खाच म्हणजे स्लॉट, दोघेही निर्दोष आहेत असे बहुधा धरून चालता येते. उलट पहिलाच आकडा कमी असेल, तर गडबड विंडोज सुरू होण्याआधीच झालेली आहे. अशा वेळी विंडोज नव्याने टाकण्यात घालवलेला दिवस वाया जातो. बायोसच्या पडद्यावर किती मेमरी दिसते हे पाहिले की या निष्कर्षाची खातरजमा होते. लिनक्स वापरणाऱ्यांना डीएमआयडीकोड ही आज्ञा प्रत्येक स्लॉटमध्ये काय बसवले आहे ते वेगवेगळे दाखवते.

आधी दुसऱ्या आकड्याचा विचार करू. १६ पैकी १५.८ किंवा ८ पैकी ७.८ जीबी दिसणे यात बिघाड काहीच नाही. फर्मवेअर (बायोससारखे यंत्रातच साठवलेले प्रोग्राम) आणि ग्राफिक्स यांना थोडी जागा लागतेच. तूट अर्ध्या जीबीपासून दोन-चार जीबीपर्यंत असेल, तर ती बहुधा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे गेलेली असते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्र रंगवण्यासाठी लागणारी मेमरी मुख्य रॅममधूनच काढून दिली जाते, आणि किती काढायची हे काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये ‘यूएमए फ्रेम बफर’ यासारख्या नावाखाली ठरवता येते. ८ पैकी ५.९ जीबी दिसण्याचे नेहमीचे कारण हेच: २ जीबी ग्राफिक्सला दिलेली असतात. येथे एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सची ‘शेअर्ड’ मेमरी म्हणून एकूण रॅमच्या जवळजवळ निम्मा आकडा दिसतो, तो पाहून अनेकजण दचकतात. पण ती कमाल मर्यादा आहे. तेवढी रॅम बाजूला काढून ठेवलेली नसते, गरजेनुसार घेतली आणि परत केली जाते.

टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ या शीर्षकाखाली कित्येक जीबी दिसत असतील आणि ग्राफिक्सचा वाटा तेवढा मोठा नसेल, तर विंडोज कसे सुरू व्हावे हे ठरवणाऱ्या एमएसकॉन्फिग या प्रोग्राममधील बूटच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’ची चौकट पाहावी. तिच्या नावामुळे फसगत होते. तिथे खूण केल्याने जास्तीत जास्त मेमरी मिळेल असे वाटते, पण ती खूण खरे तर विंडोजला ठरावीक आकड्यापलीकडे जाऊ नकोस असे सांगते. ही सोय प्रोग्राम तपासणाऱ्यांसाठी आहे. इतरांनी ती खूण काढून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा.

जुन्या लॅपटॉपवर ४ जीबी बसवून ३ ते ३.५ जीबीच दिसत असतील, तर कारण अंकगणितात आहे. ३२ बिटांच्या पत्त्याने ४,२९,४९,६७,२९६ इतक्याच बाइटांना वेगवेगळे पत्ते देता येतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. ग्राफिक्स, नेटवर्क आणि इतर उपकरणांशी बोलण्यासाठीही प्रोसेसर याच पत्त्यांचा वापर करतो. त्यामुळे वरच्या टोकाचे पत्ते उपकरणांना दिले गेले की त्या पत्त्यांवरची रॅम जागेवर असूनही तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग उरत नाही. १९९५ च्या पेंटियम प्रो प्रोसेसरपासून ३६ बिटांचे पत्ते, म्हणजे ६४ जीबीपर्यंतची मेमरी, शक्य झाली होती. परंतु ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम) गोंधळतात या कारणाने घरगुती वापराच्या ३२ बिट विंडोजने ४ जीबीची मर्यादा कायम ठेवली. यावर उपाय म्हणजे ६४ बिट ऑपरेटिंग सिस्टीम आणि बायोसमध्ये पर्याय असेल तर मेमरी रीमॅपिंग, म्हणजे झाकल्या गेलेल्या रॅमला ४ जीबीच्या वरचे पत्ते देणे, सुरू करणे. तोही उपाय सगळीकडे चालत नाही: इंटेलच्या ९४५ मालिकेतील लॅपटॉपसाठीच्या चिपसेटला (प्रोसेसर, रॅम व उपकरणे जोडणाऱ्या चिपांना) ४ जीबीच्या वरचे पत्तेच ठाऊक नव्हते, म्हणून त्या लॅपटॉपांत ६४ बिट विंडोज टाकूनही तूट भरून निघत नाही. आवृत्तीच्या परवान्याचीही मर्यादा असते. ६४ बिट विंडोज ७ होम बेसिक ८ जीबीवर थांबते आणि होम प्रीमियम १६ जीबीवर. विंडोज १० होमची मर्यादा १२८ जीबी असल्याने आता हा प्रश्न क्वचितच येतो.

आता पहिल्या आकड्याकडे वळू. तूट जर एका पट्टीच्या क्षमतेइतकी अगदी बरोबर असेल, म्हणजे ८ आणि ८ बसवून ८ च दिसत असतील, तर एक पट्टी बायोसला मुळी दिसलेलीच नाही. याची सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित शक्यता म्हणजे पट्टी नीट न बसणे. डीडीआर-४ च्या लॅपटॉप पट्टीला २६० संपर्कबिंदू असतात, आणि ३२०० या वेगाच्या पट्टीत एका तारेवरून सेकंदाला ३२० कोटी बिट जातात. एका बिटाच्या वाट्याला सुमारे ०.३ नॅनोसेकंद येतो; तेवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा दहा सेंटीमीटरच्या आतच अंतर कापतो. इतक्या घाईच्या संभाषणात एखाद्या संपर्कबिंदूवरचा मळ किंवा पट्टीचा किंचित तिरकेपणा पुरेसा ठरतो. एसपीडीची नोंद मात्र वेगळ्या, संथ मार्गाने वाचली जाते. त्यामुळे पट्टीचे नाव-गाव दिसते पण मेमरी मोजणीत येत नाही, असा चमत्कारिक प्रसंगही घडू शकतो.

पट्टी हाताळण्यापूर्वी लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, शक्य असल्यास आतील बॅटरीची जोडणी सोडवावी आणि अंगावरची स्थिर वीज निघून जावी म्हणून जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा. पट्टी तिरकी धरून खाचेत पूर्ण सरकवावी आणि मग दोन्ही बाजूंच्या पकडी लागेपर्यंत खाली दाबावी. सोनेरी कडा एकसारखी आत गेली नसेल तर पकडी लागूनही उपयोग नाही. संपर्कबिंदू खोडरबराने घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले, तंतू न सुटणारे कापड अधिक बरे.

तरीही मेमरी दिसली नाही, तर एका वेळी एकच पट्टी बसवून ती आळीपाळीने दोन्ही स्लॉटमध्ये तपासावी. दोन पट्ट्या आणि दोन स्लॉट यांचे हे चार प्रयोग दोषी कोण ते बहुधा सांगून जातात. एकच पट्टी दोन्हीकडे अपयशी ठरली तर दोष पट्टीचा. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये चालल्या तर दोष दुसऱ्या स्लॉटचा, किंवा तेथून प्रोसेसरपर्यंत जाणाऱ्या तारांचा व डाखांचा. काही लॅपटॉपांत निम्मी रॅम मदरबोर्डवर डाखलेली असते आणि स्लॉट एकच असतो. तेथे ही अदलाबदल करता येत नाही, म्हणून चालू असल्याची खात्री असलेली दुसरी पट्टी मिळवून ती बसवून पाहावी लागते.

पट्टी दुसऱ्या लॅपटॉपात उत्तम चालते आणि आपल्यात नाही, असेही घडते. डीडीआर-३ चे दोन प्रकार होते, एक १.५ व्होल्टचा आणि दुसरा १.३५ व्होल्टचा, आणि कमी व्होल्टचा आग्रह धरणारे लॅपटॉप पहिला प्रकार स्वीकारत नाहीत. चिपांच्या घनतेचाही प्रश्न असतो. ४ गिगाबिटच्या सोळा चिपांची पट्टी ८ जीबीची होते, तर ८ गिगाबिटच्या तेवढ्याच चिपांची १६ जीबीची. पण जुन्या मेमरी कंट्रोलरला दाट चिपांमधील सगळ्या रांगांना पत्ता देता येत नसेल, तर तो लॅपटॉप सुरूच होत नाही किंवा पट्टीचा काही भागच ओळखतो. म्हणून खरेदीपूर्वी एकूण कमाल मर्यादेबरोबर प्रत्येक स्लॉटची कमाल क्षमताही पाहावी, आणि बायोसची नवी आवृत्ती निघालेली असेल तर ती आधी बसवावी.

नवी पट्टी बसवल्यानंतर लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होताना पडदा बराच वेळ काळा राहू शकतो, डीडीआर-५ मध्ये काही मिनिटेसुद्धा. त्या वेळात मेमरी कंट्रोलर प्रत्येक तारेवरचा सूक्ष्म विलंब मोजून जुळवत असतो. पट्टी चालली नाही असे समजून याच वेळी पॉवरचे बटण दाबले तर ती जुळणी अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी सगळे पहिल्यापासून करावे लागते.