७२ डीपीआयचा फोटो छापता येत नाही?

‘फोटो ७२ डीपीआयचा (डॉट्स पर इंच, म्हणजे एका इंचात किती ठिपके) असेल तर छपाईत फुटतो, आधी ३०० करून घ्या’ हा सल्ला ठाण्यातल्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर कित्येक वर्षं फिरतोय. ३०० हा आकडा छपाईत महत्त्वाचा आहेच, म्हणून तो पटतोही. पण तो फोटोचा दर्जा नव्हे. फोटोत असतात ते पिक्सेल, म्हणजे रंगाचे बारीक ठिपके. कागदाच्या एका इंचात त्यातले किती बसवायचे, एवढंच हा आकडा सांगतो.

लॅपटॉपवर स्वतः करून बघा. मी तलावपाळीवर संध्याकाळी काढलेला ३००० बाय २४०० पिक्सेलचा फोटो उघडला, फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरच्या इमेज साइझमध्ये ‘रीसॅम्पल’ची (पिक्सेलची संख्या बदलू देणाऱ्या पर्यायाची) खूण काढली आणि ७२ च्या जागी ३०० लिहिलं. पिक्सेल तेवढेच राहिले. छपाईची रुंदी मात्र साधारण ४२ इंचांवरून १० इंचांवर आली. पाण्यातलं दिव्यांचं प्रतिबिंब १०० टक्के झूमवर पाहिलं, दोन्हीकडे हुबेहूब सारखं.

‘रीसॅम्पल’ची खूण न काढता आकडा वाढवला, तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरतं. फाइल फुगते, खरा तपशील वाढत नाही. डिजिटल चित्र काढणाऱ्यांनी तर हे सुरुवातीलाच बघावं: ए४ वर ३०० डीपीआयने नीट छापायचं असेल, तर कॅनव्हास २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा घ्या. मागाहून ताणलेल्या रेषा मऊ पडतात.