उत्पादन शुल्क आणि व्हॅट: पेट्रोल नेमकं कोण स्वस्त करतं?

३ नोव्हेंबर २०२१ च्या संध्याकाळी, गोव्यात नाक्यानाक्यावर नरकासुराचे पुतळे उभे राहत असताना, दिल्लीहून बातमी आली. केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे ५ रुपयांनी आणि डिझेलवरचं १० रुपयांनी उतरवलं होतं. पाठोपाठ पणजीहून घोषणा झाली: राज्यातर्फे दोन्हींवर आणखी ७ रुपये. दोन्ही मिळून पेट्रोल १२ आणि डिझेल १७ रुपयांनी खाली. विधानसभेची निवडणूक तीन-साडेतीन महिन्यांवर होती, हा योगायोग समजा हवा तर. लोकांच्या तोंडी मात्र एकच वाक्य राहिलं, "सरकारनं पेट्रोल उतरवलं."

कुठल्या सरकारनं? दोन्ही कपातींचा परिणाम पंपाच्या मीटरवर सारखाच दिसतो, म्हणून त्या एकच वाटतात. पण केंद्राचं शुल्क आणि राज्याचा व्हॅट हे स्वभावाने उलटे कर आहेत. पेट्रोल महागलं की कोणाकडे काय मागायचं, हे या स्वभावावरून ठरतं.

उत्पादन शुल्क लिटरमागे ठरलेल्या रुपयांत असतं. कच्चं तेल पिंपाला ४० डॉलर असो की १२०, केंद्र एका लिटरवर तेवढेच रुपये घेतं. व्हॅट टक्क्यात असतो, आणि तो नुसत्या तेलाच्या किमतीवर नाही, तर तेलाची किंमत, केंद्राचं शुल्क आणि पंपमालकाचं कमिशन या सगळ्यांच्या बेरजेवर लागतो. म्हणजे करावर कर. गोव्यात जून २०२४ च्या वाढीनंतर पेट्रोलवर २१.५ टक्के व्हॅट झाला, सोबत अर्धा टक्का हरित सेस. हिशेबाला सोपं जावं म्हणून २२ टक्के धरू.

आता कागद-पेन घ्या. समजा कंपनीची किंमत ५५ रुपये, केंद्राचं शुल्क २०, पंपाचं कमिशन ४. बेरीज ७९. त्यावर २२ टक्के म्हणजे १७ रुपये ३८ पैसे. पंपावर ९६ रुपये ३८ पैसे. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण गोव्यात गाडी चालवणाऱ्याला ते फार परके वाटू नयेत.

केंद्राने ५ रुपये कमी केले तर बेरीज ७४ होते आणि पंपावरचा भाव ९० रुपये २८ पैसे. ग्राहकाचे वाचले ६ रुपये १० पैसे. वरचे १ रुपया १० पैसे आले कुठून? राज्याच्या तिजोरीतून, कारण ज्या रकमेवर व्हॅट लागतो तीच घटली. घोषणा दिल्लीची, पण वाचलेल्या सहातला एक तरी रुपया पणजी मुकाट्याने देते. मे २०२२ मध्ये केंद्राने शुल्क ८ रुपयांनी घटवलं तेव्हा अर्थमंत्र्यांनी भाव साडेनऊ रुपयांनी उतरेल असं सांगितलं होतं. मधला दीड रुपया हाच, राज्यांचा.

तेच ६ रुपये १० पैसे राज्याने एकट्याने उतरवायचे ठरवले तर व्हॅट २२ वरून सव्वाचौदा टक्क्यांच्या आसपास आणावा लागेल आणि सगळा भार राज्यावर. गोव्यासारख्या छोट्या राज्याला हे सोपं नाही. केंद्राने शुल्क घटवलं तर राज्याचा केंद्रीय करातला वाटाही बुडतो, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पेट्रोलच्या बाबतीत त्यात फारसा दम नाही. २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर राज्यांशी वाटून घ्यायचं मूळ शुल्क पेट्रोलवर लिटरला अवघं १ रुपया ४० पैसे ठेवलं गेलं. बाकी सगळं सेस आणि विशेष शुल्कात, जे केंद्र एकटं ठेवतं. राज्यांची खरी तक्रार इथेच आहे आणि ती रास्त आहे.

तेल महागतं तेव्हा चित्र फिरतं. वरच्याच उदाहरणात कंपनीची किंमत १० रुपयांनी चढली असं धरा. बेरीज ८९, व्हॅट १९ रुपये ५८ पैसे, पंपावर १०८ रुपये ५८ पैसे. तेल चढलं १० रुपयांनी, ग्राहकाला बसले १२ रुपये २० पैसे. केंद्राला लिटरमागे एक पैसाही जास्त मिळाला नाही. राज्याला २ रुपये २० पैसे मिळाले, तेही दर न वाढवता, अधिसूचना न काढता आणि विधानसभेत प्रश्न न उठता.

मग केंद्र साधू आणि राज्य चोर? तसंही नाही. केंद्राचा हात चालतो तेल उतरतं तेव्हा. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात कच्चं तेल कोसळत होतं, आणि केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं: पेट्रोलवर एकूण ११ रुपये ७७ पैसे, डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे. २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ते ओस असताना, मार्चमध्ये ३ रुपये आणि मेमध्ये पेट्रोलवर १०, डिझेलवर १३ रुपये. पेट्रोलवरचं शुल्क ३२ रुपये ९८ पैशांवर गेलं. एप्रिल २०२५ मध्येही २ रुपयांची वाढ झाली आणि पंपावरचा भाव हललासुद्धा नाही, कारण तेल स्वस्त झाल्याचा फायदा ग्राहकाकडे यायच्या आधीच वळवला गेला. महाग तेलात राज्याचं फावतं, स्वस्त तेलात केंद्राचं. दोघांच्या वाढी वेगवेगळ्या वेळी येतात, म्हणून दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

गोव्याने यावर एकदा फार मोठा प्रयोग करून पाहिला आहे. २०१२ च्या निवडणुकीनंतर मनोहर पर्रीकरांनी पहिल्याच अर्थसंकल्पात पेट्रोलवरचा व्हॅट थेट ०.१ टक्क्यावर आणला. एप्रिलच्या सुरुवातीला पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरलं. त्या ११ रुपयांचं कौतुक खूप झालं, पण खरी गंमत पुढच्याच महिन्यात घडली. मे २०१२ मध्ये तेल कंपन्यांनी मोठी दरवाढ केली, कर वगळून ६ रुपये २८ पैसे. दिल्लीत २० टक्के व्हॅट होता, तिथे ती ७ रुपये ५४ पैशांची झाली. गोव्यात व्हॅट नावापुरताच, त्यामुळे वाढ जवळजवळ होती तेवढीच राहिली. व्हॅट कमी असला की नुसता भाव उतरत नाही, पुढचे धक्केही कमी बसतात.

याची किंमत होतीच. त्याच वर्षीच्या शरदात खाणी बंद पडल्या आणि राज्याचा मोठा महसूल आटला. पुढे व्हॅट टप्प्याटप्प्याने परत चढला. शिवाय सवलत सरसकट असली की ती कोणाला मिळेल ते निवडता येत नाही. म्हापशाच्या पायलटला (मोटारसायकल टॅक्सीवाल्याला) जेवढी, तेवढीच कळंगुटला भाड्याची जीप फिरवणाऱ्या पर्यटकाला, आणि बांदा-सावंतवाडीहून पत्रादेवीची सीमा ओलांडून टाकी भरायला येणाऱ्यालाही. माझ्या मते हा शेवटचा गिऱ्हाईक तोट्याचा नाही. तो आपल्याकडे भरतो म्हणजे कमी दराने का होईना, कर आपल्याला देतो. महाराष्ट्रात भाव जास्त आहे तोवर पेडण्याचे पंप चालणार, आणि कारवारकडून पोळेला येणाऱ्या गाड्यांचंही तेच. १५ जून २०२४ ला कर्नाटकने पेट्रोल ३ रुपयांनी महाग केलं आणि आठवड्याभरातच गोव्याने व्हॅट वाढवून पेट्रोल रुपयाने चढवलं. शेजारी महागला की आपल्यालाही थोडं चढवता येतं, असा तो सरळ हिशेब दिसतो.

"जीएसटीत घाला, सगळा प्रश्न सुटेल" हा तिसरा उपाय चहाच्या टपरीवर हमखास निघतो. घटनेच्या कलम २७९अ प्रमाणे पेट्रोल-डिझेलवर जीएसटी कधीपासून लावायचा याची शिफारस जीएसटी परिषदेने करायची आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत विषय आला आणि ही वेळ नव्हे म्हणून बाजूला पडला. का, ते वरच्याच आकड्यांत पाहा. ५५ अधिक ४ यावर ४० टक्के जीएसटी लावला, दुसरा कुठलाच कर नाही, तर पंपावर ८२ रुपये ६० पैसे. ग्राहक खूश. पण करातले निम्मे म्हणजे ११ रुपये ८० पैसे राज्याला, जिथे आज उदाहरणात १७ रुपये ३८ पैसे मिळतात. केंद्राचेही वीसाचे तेवढेच होतात. दोघेही आपापल्या हाताने हे करतील, असं मला तरी वाटत नाही.

मग गोव्यात बसून मागण्यासारखं काय उरतं? सगळा व्हॅट माफ करा म्हणणं भाषणाला बरं. त्यापेक्षा लहान, पण टाळायला अवघड अशी एक मागणी आहे: तेल चढल्यामुळे आपोआप मिळालेला जादा व्हॅट परत करा. वरच्या उदाहरणात तेल १० रुपयांनी चढल्यावर राज्याने दर २२ वरून साडेएकोणीस टक्क्यांच्या किंचित वर आणला, तरी त्याला लिटरमागे पूर्वीइतकेच १७ रुपये ३८ पैसे मिळतात. तिजोरीला तोशीस नाही आणि पंपावर २ रुपये २० पैसे कमी. किंवा व्हॅट केंद्रासारखा लिटरमागे ठराविक रुपयांतच बांधून टाकायचा. यात एक मेख आहे. तेल उतरलं की टक्क्यातला व्हॅट आपोआप कमी होतो, रुपयांत बांधलेला होणार नाही. म्हणून मला पहिला मार्ग बरा वाटतो: टक्का ठेवा, पण लिटरमागे किती रुपयांच्या वर घेणार नाही याची मर्यादा लिहून ठेवा. त्याला विधानसभेचं अधिवेशनही लागत नाही. जून २०२४ मध्ये व्हॅट वाढवला तो वित्त खात्याच्या एका अधिसूचनेनेच.