मर्यादित सुधारणा आणि दडपशाही

मर्यादित सुधारणा आणि दडपशाही : जनतेला उत्तरदायी नसलेल्या राजवटीपुढे असंतोषाच्या काळात उभे राहणारे दोन मार्ग. थोडे अधिकार देऊन लोकांना शांत करावे की कायदा, पोलीस व तुरुंग यांच्या बळावर पकड आवळावी, हा निर्णय तत्त्वापेक्षा तिजोरीची स्थिती, सैन्य व पोलिसांची निष्ठा आणि विरोधकांतील मवाळांना फोडता येण्याची शक्यता यांवर ठरतो. सुधारणा हाताबाहेर जाण्याची भीतीही असते. सोव्हिएट संघात गोर्बाचेव्ह यांनी १९८५ नंतर खुलेपणा आणला आणि १९९१ मध्ये संघच विसर्जित झाला. चीनने १९७८ पासून अर्थव्यवस्था मोकळी केली, पण १९८९ मध्ये राजकीय मागण्या सैन्याकरवी चिरडल्या.

दोन्ही मार्ग एकाच वेळी कसे चोखाळले जातात, हे ब्रिटिश अमदानीतील विदर्भाच्या खेड्यांत स्पष्ट दिसते. १९१९ च्या मार्चमध्ये खटल्याविना स्थानबद्ध करण्याची मुभा देणारा रौलट कायदा आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात द्विदल राज्यपद्धती आणणारा सुधारणा कायदा संमत झाला. मध्य प्रांत व वऱ्हाडात शिक्षण, आरोग्य व स्थानिक स्वराज्य ही खाती विधिमंडळाला उत्तरदायी असलेल्या मंत्र्यांकडे गेली. पोलीस, जमीन महसूल आणि जंगल मात्र गव्हर्नरच्या हाती राखीव राहिले. शेतकऱ्याची सरकारशी गाठ पडे ती नेमकी याच राखीव खात्यांशी. गावची शाळा मंत्र्यांच्या अखत्यारीत आली खरी, पण राखीव जंगलात शिरलेली गुरे कोंडवाड्यात घालणारा वनखात्याचा नाकेदार त्यांना जुमानण्याचे कारण नव्हते. १९२४ मध्ये प्रांतिक विधिमंडळातील स्वराज्य पक्षाने मंत्र्यांचे वेतन नाममात्र करून ही व्यवस्थाच बंद पाडली.

समुद्र नसलेल्या या भागात कायदेभंगासाठी मिठाऐवजी जंगल निवडले गेले, यामागे हीच वस्तुस्थिती होती. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत विळ्याने कापून सत्याग्रह केला व त्यांना अटक झाली. १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरील गावांना घरापुरते मीठ तयार करण्याची सवलत मिळाली. वऱ्हाडातील कास्तकाराला तिचा काडीचाही उपयोग नव्हता, आणि १९२७ चा वन कायदा कायम राहिला. दिलेली सवलत कोठे लागू पडत नाही, हे तपासल्यास राजवटीचा हेतू पुष्कळदा अधिक नेमका कळतो.

१९३७ मध्ये प्रांतात डॉ. ना. भा. खरे यांचे निवडून आलेले काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले, तरी गव्हर्नरचे विशेषाधिकार शाबूत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी १९३९ मध्ये राजीनामे दिल्यावर सुधारणेचा पडदा उरला नाही. ‘छोडो भारत’ आंदोलनात १६ ऑगस्ट १९४२ रोजी विदर्भातील चिमूर व आष्टी येथे जमावावर गोळीबार झाला आणि जमावाच्या हातून अधिकारी व पोलीसही मारले गेले. चिमुरात सैन्य आले, स्त्रियांवर अत्याचार झाले आणि गावावर सामुदायिक दंड बसवला गेला. अत्याचारांच्या चौकशीसाठी गांधीजींचे अनुयायी प्रा. भन्साळी यांनी दीर्घ उपोषण केले. खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा झाली. युद्ध संपता संपता सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी सरकारला वातावरण निवळायला हवे होते. काँग्रेसच्या नेत्या अनसूयाबाई काळे आदींच्या प्रयत्नांनंतर उरलेल्या फाशीच्या शिक्षाही १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलण्यात आल्या.