सोलापूरला टाकलेली बॅग न्यूजर्सीत कशी निघते? कनेक्टिंग फ्लाइटच्या सामानामागची पार्श्वभूमी

शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणाला न्यूजर्सीला चालल्यात. परवा जिन्यात गाठून विचारलं, अरे आता सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरनं मुंबईचं विमान आहे ना, मग बॅगा इथंच टाकल्या तर एकदम तिकडंच मिळतील का? दोन बॅगा, त्यात हळीव, डिंक, खारीक, शेंगा चटणी, कडक भाकरी आणि जावयाच्या मित्रांना द्यायला चार चादरी. मी हो म्हणून मोकळा होणार होतो, पण मग तिकिटं बघितली. मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं, पुढचं वेगळं, दोन्ही कंपन्या वेगळ्या. म्हटलं काकू, मुंबईत उतरवून घ्यावी लागणार. त्यांचा पुढचा प्रश्न बरोबर होता: "का पण? विमानतळ तर एकच आहे की."

हे "का" लै जुनं आहे. आपल्याला वाटतं बॅग आपल्याबरोबर प्रवास करते. तसं नसतं, बॅग तिच्यावर चिकटवलेल्या कागदाबरोबर जाते, आणि तो कागद पुढच्या माणसानं मानायचा की नाही हे दोन कंपन्यांमधल्या करारावर ठरतं. ही पद्धत विमानवाल्यांची नाहीच मुळात, रेल्वेची आहे.

सोलापूरला रेल्वे आली १८६० मध्ये, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. रेल्वेत जास्तीचं सामान ब्रेकव्हॅनमध्ये टाकायचं, पावती घ्यायची, उतरलं की पावती दाखवून सोडवून घ्यायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांनाही माहीत होतं. पण अमेरिकेत आणि कॅनडात भानगड वेगळी होती, तिकडं एका प्रवासात तीन-तीन चार-चार खासगी रेल्वे कंपन्या लागायच्या. दर वेळी ट्रंक उतरवा, दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर न्या, परत बुक करा. यावर आधी पितळी बिल्ले निघाले, जोडीतला एक ट्रंकेला आणि एक प्रवाशाच्या हातात, नंबर जुळला की ट्रंक तुमची. मग १८८२ मध्ये कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमधल्या मंक्टन गावच्या जॉन मायकेल लायन्स नावाच्या माणसानं फाडून दोन तुकडे होणाऱ्या टॅगचं पेटंट घेतलं. त्यावर नंबर, कुठनं निघाली, कुठं जाणार आणि वाटेत कुठं गाडी बदलायची हे सगळं असायचं. एक तुकडा सामानावर आणि एक प्रवाशाकडं. आज बोर्डिंग पासच्या मागं चिकटवून देतात ना तो छोटा स्टिकर, जो आपण हमखास हरवतो, त्याचा हा खापरपणजोबा.

विमानं आल्यावर पहिला प्रश्न पडला तो हरवलं तर पैसे किती, हा. १९२९ मध्ये वॉर्सामध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात सामानाची पावती देणं कंपनीला बंधनकारक केलं आणि भरपाई ठरवली ती किलोवर, किलोमागं २५० सोन्याचे फ्रँक. म्हणजे दहा किलो सोलापुरी चादरी काय आणि दहा किलो पैठण्या काय, भाव एकच! काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या मग चादरीच न्याव्यात. गंमत सोडा, पण ही वजनावरची भरपाई चांगली सत्तर वर्षं चालली आणि जड बॅग हरवलेला माणूस फायद्यात आणि हलकी पण महाग बॅग हरवलेला तोट्यात असला उलटा कारभार होता.

पुढं १९४५ मध्ये हवानात आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना उभी राहिली आणि खरी जादू तिनं केली, तिला म्हणतात इंटरलाइन. एका कंपनीनं तिकीट काढायचं, दुसरीनं ते मानायचं, बॅग पहिलीनं घ्यायची, दुसरीनं पुढं न्यायची आणि पैशांचा हिशोब नंतर आपापसात. आपल्या मार्केट यार्डात एका आडत्याची चिठ्ठी दुसरा मानतो तसलंच, ओळखीवर आणि हिशोबावर चालणारं. त्यासाठी टॅग सगळीकडं एकसारखा हवा, म्हणून त्याचा नमुना ठरला, आणि तीन अक्षरी कोड वापरात आले. मुंबईचा बीओएम, पुण्याचा पीएनक्यू, आपल्या सोलापूरचा एसएसई. तेव्हा हमाल डोळ्यानं कोड वाचून बॅग योग्य गाडीवर टाकायचा, मशीन बिशीन काही नाही. आपला एसएसई आणि अमेरिकेतल्या सिॲटलचा एसईए यात रात्री दोनला झोप लागलेल्या माणसाला काय फरक दिसणार, सांगा.

१९७८ मध्ये अमेरिकेनं विमान कंपन्यांवरची सरकारी बंधनं काढली, मग कंपन्यांनी मोठ्या शहरांत अड्डे केले आणि सगळ्यांना तिथनं फिरवून न्यायला सुरुवात केली. जशी आपल्याकडं कुर्डुवाडी किंवा दौंडला गाडी बदलायची. विमान बदलणाऱ्या बॅगा एकदम वाढल्या, आणि अजूनही जगभरात चुकणाऱ्या बॅगांमधला सगळ्यात मोठा वाटा या बदलाबदलीचाच आहे, चाळीस टक्क्यांच्या वर.

आता जो भाग आहे तो मला हलक्यात लिहिता येत नाही. २२ जून १९८५. कॅनडात व्हँकूव्हर विमानतळावर एक माणूस आला, एम. सिंग नावाचं तिकीट. त्याचं व्हँकूव्हर ते टोरांटो, दुसऱ्या कंपनीचं, कन्फर्म होतं, पण टोरांटोहून पुढं दिल्लीचं एअर इंडियाचं तिकीट वेटिंगवर. त्यानं हट्ट धरला की माझी बॅग इथनंच एअर इंडियात पाठवा. काउंटरवरच्या बाईनं आधी नियम सांगितला, पुढचं कन्फर्म नसेल तर थ्रू टॅग, म्हणजे थेट शेवटच्या गावापर्यंतचा टॅग, लावता येत नाही. मागं रांग वाढत होती, हा हुज्जत घालत होता, शेवटी तिनं टॅग लावला. बॅग गेली. माणूस विमानात चढलाच नाही. टोरांटोत ती बॅग एअर इंडियाच्या विमानात चढली, तिथलं एक्स-रे मशीन त्या दिवशी मधेच बंद पडलं होतं. दुसऱ्या दिवशी, २३ जूनला, आयर्लंडजवळ समुद्रावर ते विमान, 'कनिष्क', फुटलं, ३२९ माणसं गेली. त्याच दिवशी तशीच दुसरी बॅग, तीही व्हँकूव्हरहूनच निघालेली आणि एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढायची होती, टोकियोच्या नारिता विमानतळावर विमान बदलताना फुटली आणि सामान चढवणारे दोन जपानी कामगार मेले.

बघा म्हणजे, इंटरलाइनचा जो भरवसा होता, की आधीच्या कंपनीनं टॅग लावलाय म्हणजे ठीक असेल, नेमका तोच वापरला गेला. कॅनडात यावर निवृत्त न्यायमूर्ती जॉन मेजर यांचा चौकशी आयोग बसला, त्याचा अहवाल २०१० मध्ये आला, पंचवीस वर्षांनी.

आणि साडेतीन वर्षांत परत तेच. २१ डिसेंबर १९८८, स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन ॲमचं १०३ नंबरचं विमान पडलं, २७० बळी. कोर्टात सिद्ध झालं त्याप्रमाणं बॉम्बची सुटकेस माल्टाहून फ्रँकफर्टला, तिथनं लंडनला आणि लंडनहून त्या विमानात गेली, बरोबर प्रवासी कोणीच नाही. यानंतर मात्र नियम जगभर आवळला गेला, प्रवासी विमानात नसेल तर त्याची बॅगही नको. आपण विमानात बसलेलो असतो, सुटायची वेळ झालेली असते आणि कॅप्टन सांगतो की एक पॅसेंजर आला नाही, त्याचं सामान उतरवतोय, पंधरा मिनिटं लागतील. लोक चरफडतात. मीही चरफडायचो, कनिष्कचं वाचेपर्यंत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेनं २००२ च्या अखेरीपर्यंत प्रत्येक चेक-इन बॅग स्कॅन करायचं बंधन घातलं ते वेगळंच.

तर प्रवासी आणि बॅग यांचं असं मॅचिंग करायचं म्हणजे कुठली बॅग कोणाची हे मशीनला कळलं पाहिजे. डोळ्यानं कोड वाचून ते होणार नव्हतं. म्हणून टॅगवर बारकोड आला आणि दहा आकडी नंबर, याला त्या धंद्यात लायसन्स प्लेट म्हणतात, गाडीच्या नंबर प्लेटसारखं. पहिला आकडा टॅगच्या प्रकाराचा, पुढचे तीन कंपनीचे (एअर इंडियाचे ०९८), उरलेले सहा त्या बॅगेचे. बारकोडमध्ये तुमचं नाव नसतं की गाव नसतं, नुसता हा नंबर. नाव, फ्लाइट, पुढं कुठं जायचं हे सगळं एका मेसेजमध्ये विमानतळाच्या कॉम्प्युटरला आधी गेलेलं असतं. बेल्टवरच्या स्कॅनरनं नंबर वाचला की कॉम्प्युटर सांगतो हिला कुठल्या फाट्यावर वळवायची. मेसेज आला नाही तर बॅग येऊन पडते बाजूला आणि माणूस येऊन बघेपर्यंत तुमचं विमान उडालेलं असतं. माझ्या आत्येभावाची बॅग आखाती देशातल्या एका विमानतळावर अशीच राहिली, मधे पन्नास मिनिटं होती, तो धावत पोचला, बॅग नाही पोचली. चौथ्या दिवशी घरी आली, आतल्या भाकऱ्यांचा पार चुरा. तो म्हणतो काल्यासाठी आयतं झालं.

मशीनवर भरवसा ठेवून फसलेलेही आहेतच. अमेरिकेतल्या डेन्व्हरचा नवीन विमानतळ सामानाच्या ऑटोमॅटिक सिस्टीमपायी सोळा महिने उशिरा, १९९५ मध्ये उघडला. बॅगा नेणाऱ्या आपोआप चालणाऱ्या गाड्या एकमेकींवर आदळायच्या, बॅगा फाटायच्या, आणि २००५ मध्ये ती सिस्टीम शेवटी बंदच केली.

पैशाचा वॉर्साचा नियम बदलला तो १९९९ च्या माँट्रियल करारानं, भारत त्यात २००९ मध्ये आला. किलो गेला, माणशी मर्यादा आली. ती एसडीआर नावाच्या आंतरराष्ट्रीय हिशोबी चलनात असते, सुरुवातीला १,००० होती, डिसेंबर २०२४ पासून १,५१९ झाली. हे जास्तीत जास्त बरं का, तेवढे मिळतीलच असं नाही, आतलं काय होतं ते दाखवायला लागतं. बॅग फुटली-फाटली असेल तर सात दिवसांत लेखी कळवायचं, उशिरा आली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत. आणि कनेक्टिंगवाल्यांच्या कामाचं कलम म्हणजे पहिल्या कंपनीवर, शेवटच्या कंपनीवर किंवा जिच्याकडं असताना बॅगेचं काही झालं तिच्यावर, तिघींवरही दावा करता येतो. "आमच्याकडं आलीच नव्हती" म्हणून एकमेकींकडं बोट दाखवायची सवय होती ना, त्यावर हा उतारा. पुढं आयाटाचा ७५३ नंबरचा ठराव १ जून २०१८ पासून लागू झाला. प्रवाशाकडनं घेताना, विमानात चढवताना, बदलताना आणि परत देताना, चार ठिकाणी बॅगेची नोंद ठेवायची. २००७ मध्ये हजार प्रवाशांमागं जवळजवळ एकोणीस बॅगा चुकायच्या, २०२३ मध्ये सातच्या आत आल्या.

आता राहिलं कस्टम. एकाच तिकिटावर पुणे-दिल्ली-अमेरिका असेल तर जाताना बॅग पुण्यात टाकली की भारतात परत बघायची गरज नाही. पण येताना बहुतेकांना दिल्लीत किंवा मुंबईत उतरवून घ्यावी लागते, कारण आपल्या १९६२ च्या कस्टम कायद्यात सामानाच्या मालकानं स्वतः अधिकाऱ्यापुढं आत काय आहे ते जाहीर करायचंय. मालक आणि बॅग एकत्र हवेत, जाहीर करण्यासारखं काही नाही म्हणून ग्रीन चॅनलमधनं गेलात तरी तेच. अमेरिकेतही सहसा पहिल्या विमानतळावर बॅग घेऊन बाहेर यायचं आणि परत टाकायची, टॅगवर पुढचं शहर लिहिलेलं असलं तरी. कैक जण टॅग बघून निवांत पुढच्या गेटवर जातात आणि बॅग बेल्टवर गोल फिरत बसते.

काकूंचा मुद्दा मात्र कस्टमचा नव्हताच, दोन तिकिटांचा होता. स्वस्तातल्या बऱ्याच कंपन्या इंटरलाइनच्या भानगडीत पडत नाहीत, हिशोब नको, दुसऱ्याच्या बॅगेची जबाबदारी नको, म्हणून तर तिकीट स्वस्त पडतं. सोलापूरला विमानाचं तसंही नवं आहे, विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, २०२५ मध्ये गोव्याचं आणि मग मुंबईचं विमान सुरू झालं. छोटी विमानं, छोट्या कंपन्या. इथनं टाकलेल्या काकूंच्या बॅगेवर बीओएम एवढंच छापून येणार, म्हणजे मुंबईत बेल्टवरनं उचला, ट्रॉलीवर घाला, टर्मिनल बदलावं लागलं तर बदला, परत रांग, परत वजन. आणि हे पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी थांबणार नाही की पैसे परत देणार नाही, तिच्या लेखी तुम्ही फक्त उशिरा आलेला प्रवासी.

हे सगळं सांगून झाल्यावर काकूंनी दोन मिनिटं विचार केला आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसचं रिझर्वेशन काढायला सांगितलं. रात्री बसायचं, सकाळी मुंबई. बॅगा बर्थखाली, साखळी-कुलूप लावून.