डोकं गेलेला स्क्रू आणि चार मायक्रॉनची फट

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या दुचाक्यांमधून कार्बुरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, जवळपास हद्दपार झाला. पण काटोल-कळमेश्वरकडच्या संत्राबागांतले फवारणी पंप, गवत कापायची यंत्रं, मांडवामागे धडधडणारे छोटे जनरेटर आणि नागपुरात अजून धावणाऱ्या जुन्या मोटरसायकली त्याच्याच जिवावर चालतात. बहाराच्या तोंडावर पंप बाहेर काढला, सुरू होईना, म्हणून जेट (पेट्रोल जायचं बारीक छिद्र) साफ करायला कार्बुरेटरची वाटी, म्हणजे पेट्रोल साठणारा तळाचा भाग, उघडायला घेतली, की तीन स्क्रू गुमान निघतात आणि चौथ्याचं डोकं गोल होतं. इथल्या कुठल्याही मेकॅनिकला हे नवं नाही.

दोष बहुतेक वेळा पेचकसाचा असतो. अमेरिकेत १९३६ साली पेटंट मिळालेल्या फिलिप्स खाचेच्या, म्हणजे नेहमीच्या प्लसच्या, भिंती तिरक्या असतात. जोर वाढला की पेचकसाचं टोक वर ढकललं जातं आणि निसटताना खाचेच्या कडा खाऊन जातं. त्यात केहिन, मिकुनीसारख्या जपानी घडणीच्या कार्बुरेटरवर बरेचदा जेआयएस (जपानी मानकाची) खाच असते. दिसायला तोच प्लस, पण फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही. अशा स्क्रूच्या डोक्यावर अनेकदा एक बारीक ठिपका असतो. जेआयएस पेचकस नसेल तर साध्या पेचकसाचं टोक ग्राइंडरवर किंचित घासलं तरी तो खोल बसतो. खाच थोडीच खराब झाली असेल, तर टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावावी. तिच्यातले खरखरीत कण पकड देतात.

पण स्क्रू मुळात जाम का होतो? वाटी अ‍ॅल्युमिनियमची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची, स्क्रू पोलादी. दोन धातूंमध्ये ओल शिरली की छोटी बॅटरीच तयार होते. अशा बॅटरीत ज्या धातूचं प्रमाण विभव जास्त उणे, तो आधी झिजतो. अ‍ॅल्युमिनियमचं उणे १.६६ व्होल्ट, लोखंडाचं उणे ०.४४; त्यामुळे झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि आट्यांमध्ये ठासून बसते. पंपावर बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) उडालेलं असेल तर आणखी पंचाईत, कारण मोरचुदातलं तांबं अ‍ॅल्युमिनियमला लवकर खातं.

ढोबळमानाने सांगायचं तर स्क्रू आवळताना लावलेल्या जोरातला निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत, आणि वाटी दाबून धरायला उरतात जेमतेम दहा टक्के. म्हणजे अडवणूक दोन ठिकाणी असते, आणि आपण शिव्या फक्त आट्यांना घालतो.

गंज सोडवणारं तेल पातळ असतं आणि केशाकर्षणाने फटीत शिरतं. थेंब सोडून नीट पाहिलं तर डोक्याच्या कडेची चकचकीत रेघ हळूहळू आत ओढली जाताना दिसते. मात्र ते जितकं खोल जातं तितकं मंदावतं: दुप्पट खोलीसाठी चौपट वेळ. म्हणून दहा मिनिटांत निकाल मागू नये, रात्रभर ठेवावं. मधूनमधून डोक्यावर हलक्या हातोडीने टिचकी मारली की भुकटीला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. मात्र वाटीचे कोपरे ठिसूळ असतात, त्यामुळे कार्बुरेटरखाली लाकडी ठोकळा हवाच.

एवढ्याने भागलं नाही तर उष्णता. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ४ मिलिमीटरच्या स्क्रूभोवती तापमान १०० अंशांनी वाढवलं तर छिद्र स्क्रूपेक्षा सुमारे ४ मायक्रॉन जास्त फुगतं. केसाच्या जाडीपुढे हे काहीच नाही, पण भुकटीची पकड सुटायला पुष्कळ आहे. तापवायचं ते हॉट एअर गनने, पेट्रोल पूर्ण काढून, सगळं वाळवून आणि उघड्यावर. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांवरही पेट घेऊ शकते. नागपूरच्या मे महिन्याचं तर विचारूच नका. गॅसची ज्योत नकोच. जस्ताचा मिश्रधातू ३८५ अंशांच्या आसपास वितळतो, आणि स्क्रूबरोबर वाटीही जाते.

डोकं पारच गेलं असेल तर ते ड्रिलने उडवून द्यावं. ऐकायला हे शेवटचं पाऊल वाटतं, पण मला ते सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. डोकं निघालं की त्याखालचं घर्षण संपतं, ताणही सुटतो. वाटी उचलली की उरलेला दांडा वर दिसतो; व्हाइस ग्रिपने (आवळून अडकणाऱ्या पकडीने) धरून पाव फेरा दिला की ‘कट्’ आवाज येतो, आणि पुढे तो बरेचदा बोटांनीच निघतो. त्याउलट स्क्रूला भोक पाडून आत फिरवायचा ‘इझी आउट’ एवढ्या बारीक स्क्रूत मी तरी घालणार नाही. तो कडक पण ठिसूळ असतो. आत तुटला तर साधं ड्रिल त्याला कापू शकत नाही.

नवे स्क्रू अ‍ॅलन डोक्याचे, म्हणजे षटकोनी खाचेचे घ्यावेत. स्टेनलेसचे घेतले तर ते गंजत नाहीत, पण अ‍ॅल्युमिनियमशी त्यांचं पोलादापेक्षाही कमी पटतं, म्हणून आट्यांना ग्रीसचा हात हवाच. आणि हंगाम संपल्यावर वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काढून टाकावं. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि ते पाणी साचतं वाटीच्या तळाशी, नेमकं पितळी जेटच्या तोंडाजवळ.