कुंडीच्या तळाशी खडी: निचरा खरंच वाढतो का?

‘कुंडीत आधी दोन इंच खडी किंवा विटांचे तुकडे घाला, म्हणजे पाणी साचत नाही, मुळं कुजत नाहीत’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. ऐकायला तो पटतोही, कारण खडीतून पाणी सरकन वाहतं.

अडचण वरच्या मातीत आहे. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते आणि पूर्ण भिजेपर्यंत ते खालच्या मोठ्या पोकळ्यांत सोडत नाही. त्यामुळे कुंडीच्या तळाशी राहणारा चिंब थर खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. शिवाय आठ इंची कुंडीत मातीला सहाच इंच उरतात. मेथीचं भागेल, टोमॅटोचं नाही.

घरीच पाहा. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या वरून कापा, तळाला भोकं पाडा. एकीत खडी घाला, मग दोन्ही एकाच मातीने सारख्या उंचीपर्यंत भरा. खालून गळेपर्यंत पाणी घाला आणि तासाभराने गडद ओला पट्टा कुठे थांबलाय ते बघा.

निचरा हवा असेल तर मातीतच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं कंपोस्ट मिसळा. भोकावर एखादी खापरी मात्र खुशाल ठेवा. तिने माती वाहून जात नाही.