दुसऱ्याचा निबंध तपासताना आपला सुधारतो

नववीच्या वर्गात वैचारिक निबंध लिहायला दिला की निम्म्या वह्यांत एकच सुरुवात दिसते, "आजच्या विज्ञानयुगात...". मग चार मुद्दे, एखादा सुविचार आणि शेवटी "म्हणून आपण सर्वांनी". मुलांचं काही चुकत नाही, आपणच तसं शिकवलंय, पण हे वाचून कुणाचं मत तसूभर तरी हलेल का हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. आता मी कच्चा निबंध आधी बाकावरच्या दुसऱ्या मुलाला वाचायला देते, फेअर नंतर. यामागे अभ्यास बराच झालाय आणि तो शिक्षकांपर्यंत, पालकांपर्यंत फारसा पोचत नाही म्हणून हे लिहितेय.

आधी हे, की आपल्या लिखाणातलं भोक आपल्याला का दिसत नाही? १९९० साली स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटनने पीएचडीसाठी एक साधा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटाने वाजवायची आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी ओळखली जातील, प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली! वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. घरी आरतीची चाल वाजवून बघा, लगेच पटेल. निबंधाचंही तसंच आहे, लिहिणाऱ्याला मधला सगळा विचार माहीत असतो त्यामुळे कागदावर तो उतरलाच नाही हे त्याच्या लक्षातच येत नाही, त्याला दुसराच वाचक लागतो.

पण नुसतं "एकमेकांचं तपासा" म्हटलं तर काही होत नाही. पहिल्या वर्षी माझ्या वर्गात ऱ्हस्व-दीर्घच्या खुणा, "छान लिहिलंस" आणि "अक्षर सुधार" एवढंच आलं. नॅन्सी सॉमर्सने १९८० मध्ये २० कॉलेजचे विद्यार्थी आणि २० अनुभवी लेखक कसे खाडाखोड करतात ते पाहिलं होतं, त्यातही विद्यार्थी मुख्यतः शब्द बदलत होते आणि अनुभवी लोक आपल्या म्हणण्याचा आकारच शोधत होते. म्हणून आता पहिल्या वाचनात शुद्धलेखनाला हात लावायचा नाही. पेन्सिल घ्यायची आणि जिथे पटलं नाही तिथे समासात एकच शब्द लिहायचा, "कशावरून?"

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानात, एक अनुमान पाच पायऱ्यांत मांडतात. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतोय, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरातली चूल, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय, आणि म्हणून आग आहे, हे निगमन. १९५८ मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिनने जवळपास हेच वेगळ्या पद्धतीने मांडलं, दावा, पुरावा आणि त्या दोघांना जोडणारा नियम. मुलं नेमका हा जोडणारा नियम, चुलीचा भाग, गाळतात. मोठी माणसंही गाळतात, व्हॉट्सॲप उघडून बघा.

एका मुलीने लिहिलं होतं, "डीजेमुळे म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो म्हणून मिरवणुकीत डीजेवर बंदी हवी." तिची वही गेली ढोल पथकात वाजवणाऱ्या मुलाकडे. त्याने समासात बारीक अक्षरात लिहिलं, "ढोलाचा पण त्रास होतो, मग त्याच्यावर पण बंदी का?" ती आधी चिडली, मुद्दाम करतोय म्हणाली. पण त्याने तिचा न लिहिलेला नियमच पकडला होता, ज्याचा त्रास होतो ते बंद करावं, आणि तो नियम तिला स्वतःलाच पूर्ण मान्य नव्हता. दोन दिवसांनी तिने नवीन कच्चा निबंध आणला त्यात "डीजे" हा शब्द शीर्षकातूनच गेला होता. आता तिचं म्हणणं असं की वाद्य कुठलंही असो, मोजायचा तो आवाज, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि तिथे वाद्याचा भेद नाही. हा निबंध मी तीनदा वाचला, इतका आनंद झाला मला.

आणि त्या मुलाचं काय? सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं. २००९ मध्ये लुंडस्ट्रॉम आणि बेकर यांनी अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या ९ वर्गांतल्या ९१ विद्यार्थ्यांवर अभ्यास केला. एक गट सत्रभर फक्त दुसऱ्यांच्या निबंधांवर सूचना द्यायला शिकला, दुसरा गट मिळालेल्या सूचना वापरायला. शेवटी स्वतःचं लिखाण जास्त सुधारलं ते सूचना देणाऱ्यांचं, आणि त्यातही जे भाषेत मागे होते त्यांचं जास्त. म्हणजे "कच्च्या मुलांना काय कळतंय तपासायला" असं म्हणून आपण त्यांना बाजूला बसवतो तेव्हा ज्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला असता त्यांचीच संधी काढून घेतो.

वेळ जातो हे खरं, पन्नासच्या वर मुलं आणि पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, त्यामुळे एका निबंधाला सलग दोन तास लागतातच. मी वर्षाला निबंधांची संख्या कमी केली.

त्या ढोलवाल्या मुलाचा पुढचा निबंध शाळेत मोबाइल आणण्याच्या बाजूने होता. वही माझ्याकडे आली तेव्हा समासात तीन ठिकाणी पेन्सिलीने "कशावरून?" लिहिलेलं होतं. मी विचारलं कोणी तपासलं रे, तर म्हणाला, अजून कुणाला दिलीच नाही बाई, मीच लिहिलंय.